भूगर्भातील भ्रमंती : पूर्वतयारी आणि शिस्त

महाराष्ट्रातील युवक-युवतींमध्ये गिरिभ्रमणाची आवड आता चांगलीच रुजली आहे. सह्याद्रीतील गडकिल्ले, घाटवाटा आणि सुळके यांवर दर आठवड्याला शेकडो तरुण जातात. या आवडीचीच एक नवी शाखा म्हणजे भूगर्भातील भ्रमंती. नैसर्गिक गुहांच्या अंतर्भागात शिरणे आणि तेथील खडक, पाणी व जीवसृष्टी यांचे निरीक्षण करणे हा छंद आपल्याकडे अद्याप बाल्यावस्थेत असला, तरी त्याविषयीचे कुतूहल वाढीस लागले आहे. त्याचबरोबर बंद पडलेल्या जुन्या खाणींकडेही काही उत्साही तरुणांची पावले वळताना दिसतात.

डोंगरावरील भ्रमंती आणि जमिनीखालील भ्रमंती यांत मूलभूत फरक आहे. डोंगरावर वाट चुकली तरी आकाश दिसते, हाक ऐकू जाते आणि सकाळ होते. जमिनीखाली सकाळ होत नाही. तेथे प्रकाश सोबत न्यावा लागतो आणि हवेची खात्री आगाऊ करून घ्यावी लागते. मदत मागण्यासाठीही बाहेर चालत यावे लागते. म्हणून अशा सहलीचे यश बव्हंशी ती निघण्यापूर्वीच ठरलेले असते. शाळा-महाविद्यालये, गिर्यारोहण मंडळे आणि युवक संघटना यांना उपयुक्त ठरतील अशा काही बाबींचा विचार येथे केला आहे.

लेणे, गुहा आणि खाण

‘गुहा’ हा शब्द आपल्याकडे सैलपणे वापरला जातो. अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे ही लेणी आहेत. ती माणसाने कातळात कोरली असून त्यांची खोली मर्यादित आहे. नैसर्गिक गुहा निराळी. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते. चुनखडीच्या भेगांतून झिरपताना ते खडक विरघळविते आणि लक्षावधी वर्षांत भुयारे, दालने व विवरे तयार होतात. त्याच पाण्यातील चुना पुन्हा साचून छताला अधोमुखी आणि जमिनीवर ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ निर्माण होतात.

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग लाव्हारसापासून बनलेल्या बेसॉल्ट खडकाचा आहे. बेसॉल्ट पाण्यात अशा रीतीने विरघळत नाही. त्यामुळे मोठ्या चुनखडीच्या गुहा पाहावयाच्या झाल्यास महाराष्ट्राबाहेर जावे लागते.

खाण ही तिसरी गोष्ट. ती माणसाने खोदलेली असते, परंतु लेण्याप्रमाणे टिकण्यासाठी नव्हे. खनिज निघेपर्यंत छत उभे राहावे एवढाच तिच्या आधारांचा हेतू असतो. गुहेचे छत हजारो वर्षांत स्थिरावलेले असते, तर खाणीचे छत खाण सोडल्याच्या दिवसापासून खचू लागते. सहलीची जागा निवडताना हा भेद सर्वप्रथम ध्यानात घ्यावा.

जुन्या खाणीत का जाऊ नये?

महाराष्ट्रात खाणकामाचा इतिहास मोठा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथील सरकारी कोळसा खाण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू होऊन १९०६ मध्ये बंद झाली. नागपूर व भंडारा या जिल्ह्यांत मॅंगनीजचे खाणकाम शतकाहून अधिक काळ चालू आहे. अशा प्रदेशात सोडून दिलेली जुनी कामे असणे स्वाभाविक आहे. त्यांचे आकर्षण वाटणेही स्वाभाविक आहे. तथापि सोडलेल्या खाणीत सहल नेऊ नये, हा नियम निरपवाद मानावा. त्याची कारणे चार आहेत.

पहिले कारण हवा. चालू खाणीत पंख्यांच्या साहाय्याने हवा खेळती ठेवलेली असते. खाण बंद झाली की पंखे थांबतात. कुजणारी लाकडे, गंजणारे लोखंड आणि कोळसा स्वतः प्राणवायू शोषून घेत राहतात. परिणामी आतील हवेत प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजन अधिक अशी स्थिती होते. अशा हवेला रंग नसतो, वास नसतो. बाहेरील हवेचा दाब उतरला की हीच हवा खाणीच्या तोंडाकडे सरकते. म्हणून काल निर्धोक वाटलेला भाग आज प्राणघातक ठरू शकतो.

दुसरे कारण पाणी. सोडलेल्या खाणी पाण्याने भरतात. झारखंडमधील चासनाला कोळसा खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी वरच्या बाजूच्या जुन्या कामांत साचलेले पाणी एकाएकी आत घुसले आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार मृत्युमुखी पडले. पश्चिम बंगालमधील राणीगंज येथील महाबीर खाणीत नोव्हेंबर १९८९ मध्ये असेच पाणी शिरून ७१ कामगार अडकले. वरून छिद्र पाडून, पोलादी पिंजरा आत सोडून त्यांपैकी ६५ जणांना वाचविण्यात आले. अभियंते जसवंतसिंग गिल स्वतः त्या पिंजऱ्यातून खाली उतरले होते. ही बचाव मोहीम यशस्वी झाली, याचे एक कारण म्हणजे अडकलेले लोक नेमके कोठे आहेत हे खाणीच्या नकाशावरून कळत होते. कोणालाही न कळविता जुन्या खाणीत शिरलेल्या तरुणांचा असा नकाशा कोणापाशीही नसतो.

तिसरे कारण छताचे आणि जमिनीचे. कुजलेल्या आधारांना नुसता धक्का लागला तरी वरचा खडक सुटतो. पायाखालची फळी ही कित्येकदा खोल उभ्या विहिरीवरील जुने झाकण असते.

चौथे कारण कायद्याचे. खाणींच्या सुरक्षिततेवर धनबाद येथील खाण सुरक्षा महासंचालनालयाची देखरेख असते. परवानगीवाचून खाणीत शिरणे म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातील धोकादायक जागेत घुसणेच होय.

खाण पाहण्याची जिज्ञासा मात्र दडपण्याचे कारण नाही. वेस्टर्न कोलफील्ड्स व महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ यांनी २०१६ मध्ये नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथील भूमिगत खाण आणि गोंडेगाव येथील खुली खाण पर्यटकांना दाखविण्याचा उपक्रम सुरू केला. चालू खाणीतील अधिकाऱ्यांसमवेत, शिरस्त्राण व दिवा घेऊन, वायुवीजनाची व्यवस्था असलेल्या भागात जाणे हाच खाण पाहण्याचा योग्य मार्ग होय. अशा भेटीचे दिवस व अटी संबंधित कार्यालयाकडून आधी विचारून घ्याव्यात.

कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणींचेही उदाहरण घेण्यासारखे आहे. तेथील चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली होती. १९६५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह तेथेच, वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनो कणांचे अस्तित्व नोंदविले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी या खाणी बंद झाल्या. पाणी उपसण्याचे थांबले आणि भुयारे बुडाली. एवढे मोठे स्थळही आज वरूनच पाहावे लागते, ही गोष्ट बोलकी आहे.

पहिल्या सहलीसाठी स्थळ

नवशिक्या दलाने प्रथम प्रकाशाची व मार्गदर्शकाची सोय असलेली गुहा निवडावी. महाराष्ट्रातून जाण्यास सोयीचे असे एक ठिकाण म्हणजे आंध्र प्रदेशातील नंद्याळ जिल्ह्यात कोलिमिगुंड्लाजवळील बेलम गुहा. मुंबई-चेन्नई लोहमार्गावरील ताडिपत्री हे जवळचे स्थानक असून तेथून गुहा सुमारे ३० किलोमीटर अंतरावर आहे. पुणे व सोलापूर याच मार्गावर असल्याने तेथील दलांना प्रवास सोपा पडतो.

बेलम गुहेची लांबी ३,२२९ मीटर मोजली गेली आहे. रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये तिची नोंद केली. पुढे शंभर वर्षांनी, १९८२-८३ मध्ये, डॅनियल गेबाउर यांच्या जर्मन पथकाने तिचे सविस्तर सर्वेक्षण केले. सुमारे दीड किलोमीटरचा भाग पर्यटकांसाठी खुला असून तेथे दिवे व हवेची व्यवस्था आहे. पाताळगंगा नावाच्या ठिकाणी जमिनीखालून वाहणारे पाणी दिसते. आत उकाडा व दमटपणा पुष्कळ असतो. म्हणून प्रत्येकाने किमान एक लिटर पाणी जवळ बाळगावे. त्या प्रदेशात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही ईशान्य मोसमी पाऊस पडतो. त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

मेघालयातील गुहा हा त्यापुढचा टप्पा. तेथील क्रेम लियाट प्राह ही चुनखडीतील गुहा ३० किलोमीटरहून अधिक लांब आहे, तर २०१८ मध्ये मोजलेली क्रेम पुरी ही वालुकाश्मातील गुहा २४ किलोमीटरहून अधिक लांब भरली. १९९२ पासून स्थानिक व परदेशी संशोधक तेथे हिवाळ्यात मोहिमा काढीत आले आहेत. या गुहांत थंड पाण्यातून चालावे लागते, दोरावर उतरावे लागते. अनुभवी स्थानिक संस्थेच्या सोबतीवाचून तेथे जाऊ नये.

पाण्याचा हिशेब

थायलंडमधील थाम लुआंग गुहेची घटना सर्वांच्या स्मरणात असेल. २३ जून २०१८ रोजी फुटबॉल खेळणारी १२ मुले आणि त्यांचे सहप्रशिक्षक त्या गुहेत गेले. पावसाळ्यात आत जाऊ नये, असा फलक प्रवेशद्वारी होता. परंतु त्या वर्षी पाऊस थोडा लवकर आला. परतीची वाट पाण्याखाली गेली. २ जुलै रोजी ब्रिटिश पाणबुड्यांना ती मुले आढळली आणि ८ ते १० जुलै या तीन दिवसांत सर्वांना बाहेर काढण्यात आले. पाणी उपसण्याच्या कामी आपल्या पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्स कंपनीच्या तज्ज्ञांनीही साहाय्य केले. मात्र या प्रयत्नांत समन कुनान या माजी नौदल पाणबुड्याला प्राण गमवावे लागले.

या घटनेतून नियोजकाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. गुहेतील पाणी हे गुहेवर पडणाऱ्या पावसाचेच असते असे नव्हे. दूरच्या डोंगरावरील पाऊस काही तासांनी आत पोहोचतो. म्हणून केवळ गुहेच्या गावाचा नव्हे, तर संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा हवामान अंदाज पाहावा. भिंतीवर उंच अडकलेला पालापाचोळा आणि ताज्या गाळाच्या रेषा या पाणी कोठवर चढते त्याच्या खुणा होत. अंदाज संशयास्पद असेल तर सहल रद्द करावी. तिकिटांचे पैसे वाया जाणे हा त्यातील सर्वांत लहान तोटा समजावा.

हवेची परीक्षा

गावातील जुन्या विहिरीत गाळ काढण्यास उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचविण्यास उतरलेला दुसराही बळी पडतो, अशा घटना ग्रामीण महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. गुहेतील खोलगट जागीही तेच घडू शकते. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. कोळसा खाणीतील मिथेन हलका असल्याने छताशी जमतो आणि हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले असता ठिणगीने स्फोट होतो. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास असतो, परंतु त्याचे प्रमाण वाढले की नाकच बधिर होते.

सामान्य हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. भारतीय कोळसा खाणींच्या नियमांनुसार तो कामाच्या जागी १९ टक्क्यांहून कमी असता कामा नये. मेणबत्ती पेटवून हवा तपासण्याची जुनी रीत अपुरी व धोकादायक आहे. मेणबत्ती विझण्यापूर्वीच माणसाची विचारशक्ती मंदावू शकते, कार्बन मोनॉक्साइड तिला कळत नाही आणि मिथेन असल्यास तीच स्फोटास कारण होते. प्रकाशाची सोय नसलेल्या गुहेत जाणाऱ्या दलाने वायुमापक यंत्र न्यावे. डोके जड होणे, धाप लागणे, उगाच हसू वा चिडचिड येणे यांपैकी एखादे लक्षण एकालाही जाणवले, तर सर्वांनी तत्काळ मागे फिरावे. कारणाची चर्चा बाहेर आल्यावर करावी.

दल आणि साहित्य

भूगर्भात एकट्याने कधीही जाऊ नये. लहानात लहान दल चार जणांचे असावे. एकाला इजा झाल्यास एक जण त्याच्यापाशी थांबेल आणि दोघे मिळून मदतीसाठी बाहेर जातील, असा या संख्येमागील हिशेब आहे. आठ-दहांहून अधिक संख्या झाल्यास दोन तुकड्या कराव्यात. प्रत्येक तुकडीत पुढे व मागे अनुभवी व्यक्ती असावी. तुकडीची गती सर्वांत सावकाश चालणाऱ्या सभासदाच्या गतीवरून ठरावी.

निघण्यापूर्वी सर्वांची आरोग्यविषयक माहिती नेत्याने घ्यावी. दमा, अपस्मार, हृदयविकार किंवा बंद जागेची भीती असलेल्यांनी मोकळेपणाने तसे सांगावे आणि त्याबद्दल कोणी थट्टा करू नये. बंद जागेची भीती आहे किंवा नाही हे घरीच तपासता येते. शाळेच्या सभागृहात दिवे मालवून, बाकांची रांग लावून, शिरस्त्राण घालून त्यांखालून सरपटण्याचा सराव घेतला असता कोणाला गुहेत न्यावे आणि कोणाला बाहेरची जबाबदारी द्यावी हे अर्ध्या तासात कळते.

साहित्यात पहिला मान दिव्यांचा. प्रत्येकाजवळ प्रकाशाची तीन स्वतंत्र साधने असावीत आणि त्यांपैकी एक शिरस्त्राणावर बसविलेले असावे. भ्रमणध्वनीचा दिवा यांत धरू नये. हनुवटीच्या पट्ट्याचे शिरस्त्राण, घट्ट तळव्याचे बूट, हातमोजे, गुडघ्याचे आवरण, अंगभर कपडे, पाणी, सुका खाऊ, प्रथमोपचार पेटी, शिटी आणि इजा झालेल्यास ऊब देण्यासाठी पातळ चादर एवढे साहित्य आवश्यक आहे. भूगर्भात भ्रमणध्वनीचे संकेत पोहोचत नाहीत, हे गृहीत धरूनच सारी आखणी करावी.

वेळेचे गणित

भूगर्भात वेळेचे भान सुटते. म्हणून वेळापत्रक कागदावर लिहावे. दिव्यांच्या बाबतीत तिसऱ्या भागाचा नियम पाळावा. मुख्य दिवा नऊ तास चालत असेल, तर तीन तास आत जाण्यासाठी, तीन परतण्यासाठी आणि तीन संकटासाठी राखावेत. ठरलेली वेळ झाली की पुढचे दालन कितीही मोहक असले तरी मागे फिरावे.

समजा, दल सकाळी १० वाजता आत शिरणार आणि दुपारी २ वाजता बाहेर येणार आहे. अशा वेळी परतीची वळणवेळ ११ वाजून ३० मिनिटे ठरवावी. परतताना थकवा असतो, म्हणून जाण्यास दीड तास आणि येण्यास अडीच तास धरणे योग्य. बाहेर, गुहेच्या तोंडाशी किंवा गावात, एक जबाबदार व्यक्ती थांबावी. तिच्याजवळ सभासदांची नावे, आतील मार्गाचा आराखडा, घरच्यांचे व स्थानिक पोलिस ठाण्याचे क्रमांक असावेत. साडेतीन वाजेपर्यंत दल बाहेर आले नाही, तर ११२ या क्रमांकावर कळवावयाचे, हे आधीच ठरलेले असावे. ‘आणखी थोडी वाट पाहू’ असा विचार त्या व्यक्तीने करू नये आणि दलानेही उशिरा बाहेर येऊन तिच्यावर रागावू नये. आपल्याकडील गिर्यारोहकांच्या बचाव पथकांचा अनुभव मुख्यतः कडे व दऱ्यांतील आहे. भूगर्भातील बचाव हे निराळे तंत्र असून मदत पोहोचण्यास वेळ लागतो, याची जाणीव ठेवूनच ही वेळ निश्चित करावी.

आत जाताना प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून पाहावे. परतीच्या दिशेने तीच जागा अगदी वेगळी दिसते. भिंतीवर रंगाने बाण काढू नयेत. परतीच्या मार्गावर उचलून आणता येतील अशा खुणा ठेवाव्यात. वाट हरवलीच तर सर्वांनी एकत्र बसावे, एक सोडून बाकीचे दिवे मालवावेत आणि शांतपणे विचार करावा. प्रकाश वाचला म्हणजे वेळ मिळतो.

गुहेचे रक्षण

गुहेचे वातावरण नाजूक असते. लवणस्तंभाला हाताचा स्पर्श झाला की त्वचेवरील तेलकटपणामुळे त्याची वाढ खुंटते आणि तोडलेला तुकडा पुन्हा तयार होण्यास हजारो वर्षे लागू शकतात. वटवाघळांच्या झोपेत व्यत्यय आणू नये. रोटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ हा दुर्मीळ प्राणी शास्त्रज्ञांना प्रथम कळला तो बेळगाव परिसरातील बारापेडे गुहेमुळे, ही गोष्ट मराठी वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. वटवाघळांच्या विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसाचा बुरशीजन्य विकार होऊ शकतो. म्हणून अशा जागी धूळ उडवू नये आणि शक्य तो जाऊच नये. आत धूम्रपान, स्वयंपाक, फटाके व मशाली पूर्णतः वर्ज्य असाव्यात. नेलेली प्रत्येक वस्तू परत आणावी.

संस्थांची जबाबदारी

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. साहसी उपक्रम चालविणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि सुरक्षिततेची मानके हा त्या धोरणाचा गाभा आहे. मुलांना अशा सहलीस पाठविताना पालकांनी व शाळांनी आयोजकांकडे नोंदणी, विमा, प्रशिक्षित नेते व आपत्कालीन योजना यांची चौकशी अवश्य करावी. परराज्यातील गुहेसाठी तेथील पर्यटन, वन किंवा पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते किंवा कसे, हेही आधी पाहावे.

सहलीनंतर दलाने एकत्र बसून वृत्तान्त लिहावा. किती वाजता कोठे पोहोचलो, कोणते साहित्य अपुरे पडले, कोठे पाणी आढळले याची नोंद पुढील दलास नकाशाइतकीच उपयोगी पडते. बेलमसारख्या गुहांची माहिती आज आपल्याला मिळते, ती पूर्वीच्या पथकांनी चिकाटीने मोजमापे घेऊन ती लिहून ठेवली म्हणूनच. भूगर्भाचे कुतूहल ही तरुण मनाची संपत्ती आहे. त्या कुतूहलाला माहितीची आणि शिस्तीची जोड मिळाली, तर दलातील प्रत्येक जण आत पाहिलेले सारे सांगण्यासाठी सुखरूप घरी परतेल.